त्या रविवारी दीक्षा दिली कोणी?

इथले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. पैंजण वाजले, पिंपळाखाली बाई दिसली... वाचायचं आणि बहिणीला फॉरवर्ड करायचं. आमच्या घरात भूत, करणी, नजर यातलं काही चालत नाही. पणजोबा संस्थानच्या फौजेत शिलेदार, त्यांच्यापासून घराचा एकच खाक्या – डोळ्यांनी बघ, मग बोल. तेव्हा मी हे लिहितेय म्हणजे माझं डोकं फिरलंय असं माझ्या ओळखीचे लोक म्हणतील. म्हणोत बापडे. मला भीती वाटली म्हणून मी हे लिहीत नाहीये. मला लाज वाटते, आणि ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

मी अर्चना. बडोद्यात निजामपुऱ्यात राहते, एका शाळेत गणित शिकवते. रविवारी सकाळी प्रतापनगरच्या एका शाळेच्या मैदानावर गाइडची कंपनी चालवते. गाइड म्हणजे मुलींचं स्काउटिंग, कंपनी म्हणजे तिथला मुलींचा गट, आणि त्याची मी कॅप्टन. सगळं स्वेच्छेने. मुली बहुतेक रेल्वे क्वार्टर्समधल्या. चुणचुणीत, भांडखोर, गोड.

आमच्यात दीक्षाविधी असतो. नवीन मुलगी काही महिने येते, गाठी मारायला शिकते, प्रथमोपचार शिकते, नियम पाठ करते. मग एका रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून प्रतिज्ञा म्हणते. ती म्हणत असते तोवर तीन बोटं वर करून तिने उभं राहायचं आणि समोर कॅप्टननेही तसंच. मग कॅप्टन तिच्या गळ्यात स्कार्फ घालते, बॅज लावते, डाव्या हाताने हात मिळवते. झाली ती गाइड. हे काम कॅप्टनचं. तिथे बदली कामगार चालत नाही.

यंदाच्या नवीन मुलींत एक धारा होती. वडील वर्कशॉपमध्ये. पोर हुशार, गाठी तर माझ्यापेक्षा सफाईने मारायची. पण बोलताना अडखळायची. 'प' आला की गाडी थांबलीच. आणि आमची प्रतिज्ञा तर 'प्रतिज्ञा' या शब्दाशिवाय होतच नाही. सरावात ती त्या शब्दापाशी उभी राहायची, तोंड लाल व्हायचं, मागच्या मुली खुसखुसायच्या. त्या रविवारी गाइड संघटनेचे जिल्ह्याचे साहेब दीक्षेला येणार होते. म्हणून आधीच्या रविवारच्या सरावातच मी धाराला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बेटा, तू पुढच्या वेळी घे हं." (मुलींशी सगळं गुजरातीतच चालतं, इथे मराठीत लिहितेय.)  ती मान हलवून रांगेत जाऊन उभी राहिली. तिचा स्कार्फ मी घरी माझ्या कपाटात ठेवून दिला. तिच्या आईने त्याच्या कोपऱ्यावर तिचं नाव भरून दिलं होतं.

आता आदल्या दिवशीचं. शनिवारी सगळ्या कंपन्यांच्या कॅप्टनांची मीटिंग होती – येणाऱ्या महिन्यांत काय काय करायचं त्याची. पावागढचा हाइक, प्रथमोपचाराची स्पर्धा, आणि हिवाळी शिबिर. शिबिराची प्रमुख मीच होणार असं मी धरूनच चालले होते. सामानाची यादीसुद्धा मनात तयार होती. आणि साहेबांनी नाव घेतलं जिग्नाबेनचं. जिग्नाबेन मकरपुऱ्याची कंपनी चालवतात, माझ्यापेक्षा कितीतरी नंतर आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. चहाला थांबले नाही.

मी रुसले. सत्तेचाळीस वर्षांची बाई चौथीतल्या मुलीसारखी रुसले, दुसरा शब्द नाही त्याला. रात्रभर घोकत राहिले, माझ्याशिवाय कसं होतं ते बघतेच आता.

रविवारी सकाळी गणवेश घातला, कारण घरी काही बोलायचं नव्हतं. स्कार्फ आणि बॅजची पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली, किल्ली फिरवली, आणि प्रतापनगरला न वळता सरळ तरसालीला नलूमावशीकडे गेले. फोन बंद. पिशवी माझ्याकडे, म्हणजे दीक्षा होणारच नाही हे मला पक्कं माहीत होतं. साहेब येतील, बाकीच्या कॅप्टन येतील, पालक येतील, मुली इस्त्रीचे कपडे घालून उभ्या राहतील आणि मग सगळ्यांना अर्चनाबेनची किंमत कळेल. असा माझा बेत. लिहितानाही कान गरम होतायत.

मावशीने भरीत-भाकरी केली. मी जेवले, झोपले, टीव्ही बघितला. मावशी आणि माझा मावसभाऊ दोघंही शपथेवर सांगतील, मी त्या घराबाहेर पाऊल टाकलं नाही. स्कूटर ओट्यासमोर उभी होती आणि तिची किल्ली माझ्या पर्समध्ये.

संध्याकाळी फोन चालू केला. मिस्ड कॉलची रांग लागली असेल, मग कोणाला काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. एकही मिस्ड कॉल नव्हता. जिग्नाबेनचा मेसेज मात्र होता – "अर्चनाबेन, आजे तो तमे रडावी दीधा." आज तर तुम्ही रडवलंत आम्हाला. मला वाटलं, टोमणा मारतेय. मग ग्रुप उघडला.

फोटो होते. मैदान, झेंडा, पालक, साहेब. स्कार्फ घातलेल्या मुली. आणि त्यांच्यासमोर मी.

धूसर नाही, पाठमोरी नाही. मीच. माझा गणवेश, माझा चष्मा, हनुवटीवरचा तीळ. एका फोटोत मी वाकून एका मुलीच्या गळ्यात स्कार्फ घालत होते आणि ती मुलगी धारा होती. मी हसत होते. माझ्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा मी अशी हसलेली नाही.

मी मावशीच्या ओट्यावर तशीच बसले. मग उठून डिकी उघडली. पिशवी होती. रिकामी. नीट चौकोनी घडी घालून ठेवलेली. मी पिशव्या कोंबते, घडी घालत नाही, आमच्या घरात यावरून भांडणं झालेली आहेत.

घरी कशी आले ते आठवत नाही. आधी कपाट उघडलं. धाराचा स्कार्फ नव्हता. आमचे हे दारात उभे होते. म्हणाले, "आता काय शोधतेस? सकाळी नेलास ना तो स्कार्फ?"

"मी?"

"अगं, निघालीस आणि थोड्या वेळाने परत आलीस नाही का? म्हणालीस, एका मुलीचा राहिला, तिच्याशिवाय नाही करायचं. पाणी प्यायलीस. माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेलीस." मग म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी."

मी पलंगावर बसले आणि रडले. त्यांना वाटलं दमले असेन. चहा करून आणला.

पुढच्या रविवारी धाराची आई मैदानावर आली. हातात सुखडीचा, म्हणजे गुळपापडीच्या वड्यांचा डबा. तिने जे सांगितलं ते असं – बाकीच्या मुलींचं झाल्यावर मी धाराला रांगेतून हाक मारली. ती 'प्र'वर अडली. नेहमीपेक्षा जास्त अडली. साहेबांनी घड्याळ बघितलं, कोणीतरी मागून शब्द सांगायला गेलं, तेव्हा मी नुसती मान हलवून त्याला गप्प केलं. आणि उभी राहिले. तीन बोटं वर, डोळे धाराच्या डोळ्यांत. कितीतरी वेळ. आई म्हणाली, "बेन, तुमचा हात थरथरायला लागला पण तुम्ही तो खाली नाही घेतला. हिच्यासाठी असं कोणी थांबलं नाही. मीसुद्धा नाही, मीही तिचं वाक्य तोडते."

अहो, मी ती बाई नव्हते. मी तिला रांगेतून काढलं होतं. हे त्या माउलीला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी सुखडी घेतली आणि म्हटलं, "त्यात काय, माझं कामच आहे."

आणि पुढे ऐका. जिग्नाबेन स्वतः साहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, दीक्षा बघितल्यावर मला वाटतं शिबिर अर्चनाबेननीच सांभाळावं, मी हाताखाली काम करेन. ज्यासाठी मी रुसले ते पद ताटात वाढून आलं. मी जरा आढेवेढे घेतले, चांगले दिसतात म्हणून, आणि हो म्हटलं.

तुम्ही विचाराल, उपाय काय केला. डॉक्टरांकडे गेले, डोक्याचे फोटो काढले, काही निघालं नाही. ह्यांना सगळं खरं सांगितलं. आधी हसले, मग म्हणाले, "मग त्या बाईलाच ठेवून घेऊ या." चेष्टाच होती, पण मला फार लागली. मावशीला सांगितलं तर ती भलतीच चिडली. "म्हणजे तू मला भेटायला नव्हती आलीस? रुसून आली होतीस? आणि मी वेडी भरीत करत बसले." तिच्या लेखी मूळ मुद्दा तोच.

मुलींना काहीतरी जाणवत होतं. एकदा कोणाचीशी तंबूची गाठ सुटली, मी नेहमीसारखी खेकसले, तर एक छोटी दुसरीला हळूच म्हणाली, "आज मॅडमचा मूड नाही." पूर्वी माझ्या खेकसण्याला मूड म्हणत नसत, स्वभाव म्हणत. मी बदलायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. धारा बोलायला लागली की थांबायचे. पण माझं थांबणं म्हणजे मनात आकडे मोजत थांबणं. पोरांना ते कळतं.

मग शिबिर आलं. गावाबाहेर, एका शेताच्या कडेला तंबू. दुसऱ्या दिवशी सकाळी ध्वजवंदन, आणि त्याच्या आज्ञा कोण देणार यासाठी मुलींनीच धाराचं नाव सुचवलं होतं. सगळ्या कंपन्या समोर उभ्या राहणार, हिने मोठ्याने बोलायचं. मला ते नको होतं, पण नाही कशी म्हणणार? मी आता ती वाट बघणारी बाई होते.

ध्वजवंदनाच्या जरा आधी धारा माझ्याकडे आली. मी स्वयंपाकाच्या तंबूमागे पोह्यांचं बघत होते. हात एकमेकांवर चोळत होती. म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी हात मिळवताना कानात सांगितलं होतंत ना... ते परत एकदा सांगा ना. मग मला जमेल."

मला माहीतच नव्हतं की कानात काही सांगितलं होतं.

ती मान वर करून उभी होती. कान जरा पुढे केलेला. मी वाकले. काय सांगितलं असेल, काय सांगितलं असेल... मी आयुष्यात इतकं जोर लावून कधी विचार केलेला नाही. आणि मला एवढंच सुचलं, "घाबरू नकोस, छान होईल."

ती थांबली. अजून काही येतंय का म्हणून. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि अर्धं पाऊल मागे सरकली. "थँक यू, मॅडम," म्हणाली. परक्या माणसाला म्हणतात तसं. आणि गेली.

ध्वजासमोर ती पहिल्या दोन आज्ञा बोलली. मग प्रार्थनेची आज्ञा आली आणि 'प्रा'वर अडली.  मी समोरच्या रांगेत होते, मान हलवून धीर द्यायला बघत होते, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. माझ्या मागे फक्त शेत होतं, तिकडे कोणी उभं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. धारा तिकडे बघत राहिली. तिचे खांदे सैल झाले. तिने हलकेच मान डोलावली, कोणाचं तरी ऐकल्यावर डोलावतात तशी, आणि तो शब्द स्वच्छ, मोठ्याने बोलली.

मी मागे वळले नाही. वळून कोणत्या तोंडाने बघणार होते?

हे सगळं काय होतं, मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला असं काही ठाऊक असेल तर लिहा, मी वाचेन, आणि यावेळी हसणार नाही. धाराला खरं सांगायची हिंमत झालेली नाही. तिला बहुधा सांगायची गरजही नाही.

ध्वजवंदन झाल्यावर जिग्नाबेन आल्या. डोळे पुसत होत्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "अर्चनाबेन, ही मुलगी तुम्ही घडवलीत."

आणि मी म्हटलं, "थँक यू."