डिकीतलं हरीण

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या आहेत. ही मात्र तशीच लक्षात आहे. साल दोन हजार चार-पाचचं असेल. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावाच्या परिसरात शिकारीचे नियम पाळले जातात की नाही, हे बघणं माझं काम होतं.

फक्त धनुष्यबाणाने हरीण मारायचा सीझन चालू होता. ऑफिसात फोन आला: ओढ्याकडे बंदुकीचा आवाज झाला, आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या डिकीतून रक्त गळतंय.

गाडी नागपूरच्या एका विद्यार्थ्याची होती. डिकीत बर्फात मांस. मित्रानं दिलं, म्हणाला. मित्राचं नाव विचारलं तर डिकी लावायला लागला. गुन्हा सिद्ध झाला तर शिकारीचं लायसन्स जाईल, व्हिसाचीही पंचाईत होईल, हे मी मराठीतच सांगितलं. तो सारखा वरच्या खिडक्यांकडे बघत होता. मी त्याला माझ्या ट्रकमध्ये बसवून काचा वर केल्या.

"काका, मीच मारलं. बोनं, धनुष्यबाणानं. रूममेट्सना कळलं तर रूम जाईल. घरात मांस नाही, ही त्यांची कंडिशन आहे. आमच्या लोकांच्या खाण्यावरून आधीच टोमणे असतात."

"जागा दाखव."

तिथे त्याने सगळं सांगितलं. वारा तोंडावर घेऊन बसला. हरणाने मान खाली घालून पुढचा पाय टाकला, तेव्हा खांद्यामागे बाण सोडला. मग तो स्वतः बराच वेळ जागचा हलला नाही.

"लगेच मागे लागलं की ते धावतच सुटतं, यार... सॉरी, काका. आपण थांबलो की ते जवळच बसतं."

पानांवर गुलाबी, फेसाळ रक्त होतं, म्हणजे बाण फुफ्फुसात लागला होता. माग थोड्याच अंतरावर संपला. तिथे त्याने सोललेलं कातडं पडलं होतं, त्यावर बाणाची सरळ चीर. शेजारी पडलेल्या डोक्याला, कानापाशी, शिकारीच्या परवान्याचा टॅग नियमाप्रमाणे बांधलेला. बंदुकीचा आवाज पलीकडच्या शेतात नेमबाजी करणाऱ्याचा निघाला.

परतलो तर रूममेट्स खाली उभे.

"काका, यानं काय केलं?"

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "हरीण मारलं. रीतसर. आज वर शिजवणार आहे. रूम सोडायची तर सोडतो, पण जेवून."

महिनाअखेरीस त्याने रूम सोडली, असं नंतर कळलं.

कोणी लपवाछपवी करताना दिसला की आपण लगेच गुन्हा शोधू लागतो. आधी विचारावं, हा घाबरतोय कुणाला? त्या दिवशी कायदा मोडलेला कुणीच सापडला नाही. आणि माणसाला स्वतःचं अन्न चोरून खायला लावणाऱ्यांसाठी माझ्याकडे कलम नव्हतं.