म्हसोबाचा काना

किन्हवलीच्या नाक्यावर फ्लेक्स लागायला माणसाने काही करावंच लागतं असं नाही. जन्माला आलं तरी पुरतं. पण सुयोगचा फ्लेक्स लागला तेव्हा लोक गाड्या थांबवून वाचायला लागले. डोळ्यांवर काळा चष्मा, मागे विमान, खाली निळंशार पाणी, आणि वर मोठ्या अक्षरांत: ‘मॉरिशस येथील बोगद्याच्या कामासाठी किन्हवलीचे सुपुत्र मा. सुयोगशेठ यांना हार्दिक शुभेच्छा!’ शुभेच्छुक गोमाशेठ, डंपर-पोकलेनवाले. त्यांचा फोटो सुयोगच्या फोटोपेक्षा बोटभर मोठाच होता.

आता हा बोगदा आला कुठून, ते सांगायला हवं.

मुरबाडच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक खासगी विद्यापीठ उभं राहिलंय. तिथल्या कॉम्प्युटर विभागात सुयोग नोकरीला. काम काय, तर प्राध्यापक पासवर्ड विसरले की नवा करून द्यायचा आणि प्रिंटर रुसला की त्याची समजूत काढायची. घरी आणि नाक्यावर मात्र तो ‘अख्खी सिस्टीम बघतो’. त्या विद्यापीठाने मॉरिशसला शाखा काढली. इथे वसतिगृहाच्या नळाला पाणी येत नाही, टँकर बोलवावा लागतो, पण शाखा पाहिजे समुद्रापार! असो. तिथल्या मुलांची नावं, हजेरी, निकाल सगळं मुरबाडच्या मुख्य कॉम्प्युटरात राहणार, म्हणून इंटरनेटमधूनच दोन्ही टोकांना जोडणारी एक झाकलेली वाट काढायची होती. तिला त्यांच्या धंद्यात टनेल म्हणतात. ते काम सुयोगच्या वाट्याला आलं, आणि चहाच्या टपरीवर तो मोठ्याने बोलून गेला, “मॉरिशसला टनेल टाकायचंय.”

किन्हवलीत टनेल म्हटलं की डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते. कसाऱ्याच्या डोंगरातून महामार्गाचा बोगदा गेला तेव्हा ज्याला त्याला डंपर घ्यायची हौस आली. बोगदा संपला आणि डंपर दारात उभे राहिले. गोमाच्या पोकलेनवर तर रात्रीच्या कोंबड्या बसतात.

“समुद्राखालनं जानार काय रे?” गोमाने बशी खाली ठेवत विचारलं.

“समुद्राखालनंच जातं सगळं,” सुयोग म्हणाला. यात खोटं काही नव्हतं, इंटरनेटच्या तारा समुद्राखालूनच जातात. खरं बोलून खोटं पटवायची ही विद्या कुठल्या विद्यापीठात शिकवत असतील देव जाणे.

“मंग आपला पोकलेन?”

“बघू.”

एवढ्या एका ‘बघू’वर फ्लेक्स छापून आला. शाळेच्या पटांगणात शाल, श्रीफळ, भाषणं झाली. सुयोगने हात जोडून सगळं घेतलं. बोगदा मातीतला नाही हे सांगायला त्याला तेवढा वेळ मिळाला नाही.

त्याची आई ताराबाई. तिने म्हसा गावच्या म्हसोबाला जाऊन नवस बोलला, “पोराचं काम तडीस ने. तोवर चहा तोंडाला लावनार नाय.” आणि ताराबाईचा चहा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. चूल पेटली की सगळ्यांत आधी तिला चहाचा वास हवा असायचा. ती बाई आता सकाळी कोमट पाणी पिऊन कपाळ दाबत बसू लागली.

इकडे सुयोगने कुलसचिवांना विचारलं, “सर, मी निघायचं कधी?”

“कुठे?”

“मॉरिशसला. जोडायला.”

कुलसचिव हसले. “अहो, जायला लागू नये म्हणून तर जोडायचं! इथूनच होतं ते.”

नाक्यावर विमान, कपाटात शाल, आणि हा माणूस म्हणतो इथूनच होतं. पण म्हणतात ना, काम अडवायला अक्कल लागत नाही, अधिकार लागतो, आणि तेवढा त्याच्याकडे होता. वाट उघडायला दोन्ही टोकांना एकच गुप्त शब्द लिहावा लागतो. कुलसचिवांनी मोठ्या भक्तीने शब्द ठरवला होता, म्हसोबा, इंग्रजी अक्षरांत. मॉरिशसच्या टोकाला तो नीट लिहिला गेला. मुरबाडच्या टोकाला सुयोगने शेवटचं अक्षर गाळलं. म्हसोबाचा काना उडवला. झालं! दोन्ही टोकं एकमेकांना हाका मारत राहिली आणि कुणी कुणाला ओळखेना.

“सर, प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघावं लागेल,” तो गंभीर चेहऱ्याने सांगू लागला. कुलसचिव आधी हसले, मग वैतागले, आणि शेवटी म्हणाले, “पासपोर्ट आहे ना तुमचा?” सुयोग त्या दिवशी गाणं म्हणत घरी आला.

गावाला मात्र दम निघेना. रोज नाक्यावरून जाताना कुणीतरी हटकायचंच. “काय शेठ, अजून इथंच? इमान पंक्चर झालं काय?” तो हेल्मेटची काच खाली ओढायचा आणि स्वतःच्याच फ्लेक्सखालून मुरबाडकडे पळायचा.

मग एका सकाळी तो तब्येतीचं कारण सांगून घरी राहिला. तो न्हाणीत, फोन चार्जिंगला. फोन वाजत राहिला तेव्हा ताराबाईने पदराला हात पुसून उचलला.

“नमस्कार. मी मॉरिशसच्या शाखेतून बोलते. सुयोगजी आहेत का?” पलीकडची बाई मराठीच होती, तिचे पूर्वज कधीकाळी कोकणातून तिकडे ऊसमळ्यांत गेलेले. तिची भाषा पुस्तकातल्यासारखी.

“आंघोळीला गेलाय. मी आई त्याची. तो येतोय ना तुमच्याकडं, बोगद्याला.”

“आई, त्यांनी येण्याची काहीच आवश्यकता नाही हो. मी पुन्हा पुन्हा सांगते आहे, तुमच्या बाजूला म्हसोबा नीट लिहिला आहे का, तेवढे पाहा. आज जोडले गेले नाही तर मुलांची प्रवेशपत्रे निघणार नाहीत, आणि उद्या परीक्षा आहे. एक मुलगी सकाळपासून माझ्या दारात रडत बसली आहे.”

ताराबाईला टनेल कळलं नाही, प्रवेशपत्र कळलं, आणि म्हसोबा तर पुरता कळला. ती देवघरात गेली. सुयोग केस पुसत बाहेर आला तेव्हा ती म्हसोबाचा अंगारा घेऊन समोर उभी.

“हात कर पुढं.”

“काय गो आये?”

“कर. आता बोल, ‘देवाचं नाव तिकडं नीट लिव्हलंय मी.’ बोल!”

सुयोगने हात मागे घेतला. टॉवेलचं पाणी त्याच्या पायावर ठिबकत होतं. “आये, एकच अक्षर गो... तसंच ठेवलं म्हंजे मला पाठवतील.”

“माझ्या देवाच्या नावात खोट घातलीस? आनि मी त्याच देवाला साकडं घालीत बसलेय, बिनचहाची? तिकडं पोरी रडतायत, नि तुला इमानात बसायचंय!”

“फ्लेक्स लागलाय गो. लोक काय बोलतील?”

“लोक बोलतातच हायेत. आधी देवाचं नाव पुरं कर.”

लॅपटॉप ओटीवर आला. मुरबाडलाही जावं लागलं नाही, ते ओटीवरूनच होत होतं. सुयोगने अक्षर घातलं, बटण दाबलं. जरा वेळाने फोन वाजला. ती बाई हसत होती, आणि तिच्या मागे कुणीतरी पोरगी किंचाळून आनंदाने काहीतरी ओरडत होती.

दुपारी गोमा आला. “काय रे सुयोग, बोगद्याचं कुठवर आलं?”

सुयोग मान खाली घालून वायर गुंडाळत बसला. उत्तर ताराबाईनेच दिलं.

“खनून झाला. हितंच, ओटीवर बसून.”

गोमाने एकदा ओटीच्या जमिनीकडे पाहिलं, एकदा सुयोगकडे, आणि काय समजायचं ते समजून चपला शोधू लागला.

“बस रे गोमादादा, चहा पिऊन जा,” ताराबाई म्हणाली. “आनि तो नाक्यावरचा फ्लेक्स घरी पाठव. पेंढ्यावर टाकायला हवाच होता.”

आता गोठ्यामागे पेंढ्याच्या रचावर मा. सुयोगशेठ काळा चष्मा लावून उताणे पडलेत. विमानाची बाजू शेळीने खाल्ली. ताराबाई सकाळी मागच्या दारी बसून दोन कप चहा पिते आणि तिकडे बघत नाही.