शाकारलेलं कार्ड

बाईंना बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी त्या उभ्याच. चहा उभ्याने, डबा उभ्याने, पालकांशी तासभर बोलणं तेही दाराच्या चौकटीला खांदा लावून. संस्थेच्या मोठ्या मॅडम मुंबईहून मीटिंगला आल्या की आम्ही सगळे सतरंजीवर मांड्या घालून बसायचो आणि बाई भिंतीपाशी, या पायावरून त्या पायावर. "अहो, बसा की जरा," मॅडम म्हणायच्या. "बसले की मला झोप लागते, आणि मी झोपले की तुम्हाला राग येईल," हे बाईंचं ठरलेलं उत्तर. गावातल्या बायकांनी त्यांचं नाव 'उभ्याबाई' ठेवलं होतं. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "आडवीबाई म्हणत नाहीत तोवर काळजी नाही."

आमचं केंद्र म्हणजे काशीदच्या अलीकडे एका वाडीत भाड्याने घेतलेलं कौलारू घर. पुढे सुपारी, मागच्या दगडी गडग्यातली बेडी, म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक, ओलांडली की सुरूची झाडं आणि मग समुद्र. संस्था मुलांच्या मानसिक आरोग्याचं काम करते. ज्यांना शाळा ठेवून घेत नाहीत, ज्यांचे आईबाप अंगारेधुपारे करून दमलेले असतात, ती मुलं आमच्याकडे येतात. आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात, बाकीचे दिवस आम्ही विशेष शिक्षिका. मी इथलीच, चौलची, तेव्हा नुकती शिकून आलेली. माझी आई विचारायची, "विशेष म्हणजे नेमकं करता काय गं तुम्ही?" मी म्हणायचे, "मुलांच्या मागे धावतो." एकदा हे बाईंनी ऐकलं. "मागे धावून काय उपयोग? मूल कुठे निघालंय ते ओळखायचं आणि त्याच्या आधी तिथं पोचायचं. आणि बसलेल्या माणसाला उठून पोचायला उशीर होतो." त्यांच्या उभं राहण्याचं कारण मला तेव्हा कळलं.

खरं तर तेवढंच कारण नसावं. बाईंच्या पायाला भिंगरी होती. कऱ्हाडचं घर तरुणपणीच सुटलेलं, मग पुणं, मग सांगली, मग कुठे कुठे. दर दोन-तीन वर्षांनी संस्था बदलायच्या. भाड्याच्या खोलीत त्यांची बॅग कायम अर्धी भरलेली. मी एकदा म्हटलं, "जुन्या मुलांना भेटायला जाता का हो कधी?" तर म्हणाल्या, "सोडलं की सोडलं. परत जायचं म्हणजे त्यांचा नवा बसलेला दिवस विस्कटायचा." हे बोलतानाही त्या खिडकीचे गज एकेक करून पुसत होत्या. मला त्यांच्याबरोबर खोलीत थांबलं की धाप लागायची. हा रोग संसर्गजन्य असावा, कारण हे लिहितानाही मी सारखी उठतेय, दारापर्यंत जातेय आणि परत येतेय.

एका बाबतीत मात्र बाई जागच्या हलत नसत. आमच्याकडे प्रत्येक मुलाचा स्वतःचा फळा असतो. त्यावर दिवसभराच्या गोष्टींचे फोटो ओळीने चिकटवलेले: खेळ, डबा, झोपाळा, घर. एक गोष्ट झाली की मुलाने ते कार्ड काढायचं, 'झालं' नावाच्या डब्यात टाकायचं आणि झाकण लावायचं. ज्या मुलाला शब्द धरता येत नाहीत त्याला दिवस असा हातात धरता येतो. बाईंचा दंडक एकच होता. "फळा खोटं बोलणार नाही." झोपाळ्याचं कार्ड लावलं आणि दोरी तुटली, तर बाई स्वतः झाडावर चढून दोरी बांधायच्या. एकदा एक आई मूल खेळात रमलेलं बघून हळूच सटकत होती. बाईंनी तिला अंगणातून परत बोलावलं. "सांगून जा. रडेल, रडू दे. पण त्याला फसवू नकोस." मूल तासभर रडलं आणि ती आई महिनाभर बाईंशी बोलली नाही.

मग जुई आली. कोळीवाड्यातल्या हिरामणची मुलगी, आठ वर्षांची, एक शब्द न बोलणारी आणि वाऱ्यासारखी पळणारी. आई मासळी घेऊन मुरूडच्या बाजारात जायची, म्हणून दुपारी होडी लागली की हिरामणच तिला न्यायला यायचा. आमच्या मागच्या पडवीतून ती होडी येताना दिसायची, हिरवी, पिवळ्या पट्ट्याची. ती दिसली की जुई खांद्याला पिशवी अडकवायची. बाईंनी हे हेरलं आणि तिच्या फळ्यावर शेवटचं कार्ड लावलं ते घराचं नाही, होडीचं. चार महिन्यांत जुई पळायची थांबली. ओळीने एकेक कार्ड काढायची, होडी दिसली की शेवटचं डब्यात टाकायची आणि बापाचा हात धरून घरी. हिरामण सगळ्या कोळीवाड्याला सांगत सुटला, "उभ्याबायनी माजी पोर मानसात आनली."

जून लागला आणि सगळं फिसकटलं. हिरामण मोटरसायकल घेऊन दारात उभा आणि जुई पडवीचा खांब धरून किंचाळतेय. हात चावून घ्यायची, डोकं आपटायची. उचलून न्यावं तर अर्ध्या वाटेवर गाडीवरून उडी. दुसरी मुलं घाबरली. मोठ्या मॅडमचा फोन आला की दाराला बाहेरून कडी बसवून घ्या, मुलीला काही झालं तर संस्था बंद पडेल. बाई म्हणाल्या, "कडी लावायची तर मला आत नका ठेवू." फोन ठेवून त्या पडवीत येरझारा घालायला लागल्या. "काहीतरी माझं चुकतंय," एवढंच सारखं म्हणत होत्या.

आणि एका दुपारी, धो धो पावसात, जुई बेडीवरून उडी टाकून पळाली. मी हाका मारत अंगणभर शोधत राहिले. बाई एकदाच तिच्या फळ्याकडे बघून सरळ समुद्राकडे धावल्या. मी पोचले तेव्हा जुई गुडघाभर पाण्यात उभी होती, लाटा अंगावर येत होत्या, आणि बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. जुईच्या मुठीत होडीचं कार्ड होतं. समोर समुद्र मोकळा, एक होडी नाही.

"अगं, हिची होडीच आली नाही," बाई म्हणाल्या. "आपण हिला घरी जायला सांगतोय, आणि फळा सांगतोय की दिवस अजून संपलाच नाही."

घाटावरच्या बाईंना कुठून माहीत असणार की पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत? आणि मला जन्मापासून माहीत होतं, म्हणून मनातच आलं नाही.

तेवढ्यात हिरामण धावत आला. त्याने पोरीला उचलून छातीशी धरलं. "बास झाला बाई. माजी पोर पान्यात गेली असती. उद्यापास्नं न्हाय पाठवायचा. घरात बांधून ठेवीन, पन जित्ती तरी राहील."

"दादा, चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "तुमची होडी कुठाय?"

"होडी? वर वढलीय, शाकारलीय. पावसाचा कोन जातंय दर्यात?"

"हे जुईला कोणी सांगितलं?"

"तिला काय सांगायचा? तिला कलतंय व्हय?"

"आपल्यापेक्षा जास्त कळतं. ती गेले कितीतरी दिवस होडी कुठे गेली ते विचारतेय. मला एक आठवडा द्या. मग बांधा."

हिरामणने आठवडा दिला, तोही बायकोने भांडून द्यायला लावला. बाई दुसऱ्याच दिवशी जुईला घेऊन कोळीवाड्यात गेल्या. होड्या वाळूवर वर ओढून ठेवलेल्या, पावसाळ्यासाठी निळ्या ताडपत्रीने शाकारलेल्या. जुईने ताडपत्रीचा कोपरा उचलला, खालची पिवळी पट्टी बघितली, कोपरा सोडला. परत उचलला, परत सोडला. बाई पावसात छत्री मिटून उभ्या. केंद्रात आल्यावर त्यांनी निळ्या प्लास्टिकचा एक तुकडा कापून जुईपुढे ठेवला. जुईने तो होडीच्या कार्डावर पांघरला आणि चारी बाजूंनी दाबून बसवला. मग बाईंनी त्याखाली मोटरसायकलचा फोटो लावला. त्या दिवशी ती घरी गेली. पुढच्या दिवशी परत किंचाळली, त्याच्या पुढच्या दिवशी गेली. असं खालीवर होत होत श्रावण आला. नारळी पौर्णिमेला हिरामण तिला खांद्यावर बसवून घेऊन आला. तिने कार्डावरचं निळं प्लास्टिक ओढून काढलं आणि बाई दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत अंगणभर नाचल्या.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, बाईंनी बॅग उरलेली अर्धी भरली. नंदुरबारकडे कुठे नवं केंद्र निघत होतं. मी चिडले, रडले, अबोला धरला. "इथे काय वाईट आहे?" म्हटलं. "काहीच नाही, म्हणून तर पाय थांबेना," म्हणाल्या. सगळ्या मुलांच्या फळ्यांवर बाईंचाही फोटो असे, अर्थातच उभा. शेवटच्या दिवशी त्यांनी एकेका मुलाकडून स्वतःचं कार्ड 'झालं' डब्यात टाकून घेतलं. सांगून जायचं, म्हणजे सांगूनच. जुईची पाळी आली. ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग होडीसाठी पुढच्या पावसाळ्यापर्यंत कप्प्यात जपून ठेवलेलं ते निळं प्लास्टिक काढलं, बाईंच्या फोटोवर पांघरलं आणि चारी बाजूंनी दाबून बसवलं.

बाई खाली बसल्या. जमिनीवर, पाय पसरून, भिंतीला टेकून. मी घाबरून पाणी आणलं.

"आता मला यायला लागणार," त्या म्हणाल्या.

"काढून टाका ना ते. तुम्हीच म्हणता, सोडलं की सोडलं."

"तिने फळ्यावर लावलंय गं. फळा कसा खोटा ठरवू?"

आणि आयुष्यात कुठल्याही सोडलेल्या गावी परत न गेलेली ही बाई दर नारळी पौर्णिमेला एसटीचे धक्के खात आमच्याकडे यायला लागली. जुई प्लास्टिक काढायची, फोटो बघायची, बाईंकडे बघायची आणि झोपाळ्यावर निघून जायची. संपली भेट. संध्याकाळी परत फोटोवर प्लास्टिक. "बघ, एवढ्यासाठी माझी कंबर गेली," बाई म्हणायच्या आणि दिवसभर दाराच्या चौकटीला टेकून तिला झोके घेताना बघायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी शांतता असायची ती मी एरवी कधी पाहिली नाही.

यंदा आषाढात त्यांच्या भावाचा फोन आला. "ताई गेली हो. काही त्रास नाही, बसल्या जागी गेली." माझ्या तोंडून निघून गेलं, "बसल्या? बाई?"

तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. श्रावण जवळ येत होता आणि जुईच्या फळ्यावर निळ्या प्लास्टिकखाली बाई होत्या. नव्या शिक्षिका म्हणाल्या, कार्ड गुपचूप काढून टाका, विसरेल. हिरामण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ना बाई तसाच. वाट बगंल पोरगी, त्यात काय? आपन पन बगतोच की." मला त्याचं पटत होतं. फार पटत होतं. पडवीत येरझारा घालताना मी स्वतःला तेच सांगत होते. आणि दर वेळी ती आई आठवायची, अंगणातून परत बोलावलेली.

आज नारळी पौर्णिमा. सकाळी जुई नवा पंजाबी ड्रेस घालून आली. आता माझ्या खांद्याला लागते. तिने होडीवरचं प्लास्टिक काढलं. मग बाईंवरचं काढलं. फोटोकडे बघितलं आणि दाराच्या चौकटीकडे बघितलं.

मी डबा तिच्यापुढे धरला. "बाई येणार नाहीत, जुई. बाई झालं."

ती दारात जाऊन वाडीच्या पुढच्या बेडीपर्यंत नजर टाकून आली. प्लास्टिक उचलून फोटोवर परत पांघरलं. ते मला काढावं लागलं. तिने हात चावला. मी परत म्हटलं, "बाई झालं." तिने परत पांघरलं, मी परत काढलं. किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी तिने फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला, डब्यात टाकला आणि झाकण दाबून लावलं, रोज लावते तसं.

मग होडीचं कार्ड काढून ती माझ्यापुढे आली. हिरामण किनाऱ्यावर नारळ घेऊन थांबला होता आणि ती पाण्यात गेली त्या दिवसापासूनचा नियम आहे, समुद्राकडे जायचं ते कुणाचा तरी हात धरून. तिने माझा हात धरला आणि वर ओढला. मी खाली बसले आहे हे मला तेव्हा कळलं. ती ओढत राहिली, मी उभी राहीपर्यंत.