फुटलेला बल्ब आणि कोठडीतला नवरा

दलालानं बटण फिरवलं आणि मोटरसायकलचा दिवा लख्ख पेटला. पंच बघत होते. आदल्या रात्री हाच दिवा मी फुटलेला पाहिला होता. नोकरीतून सुटून जमाना झाला, पण पोलीस ठाण्याच्या अंगणातला तो उजेड डोळ्यांपुढून हलत नाही.

साल एकोणीसशे पन्नासनंतरचं. ठाण्यात बाई शिपाई मी एकटीच, चौथी पास. हिंगणीकडून सिंदीला येणाऱ्या रस्त्यावर, अंधार पडल्यावर, त्या गाडीनं एका गोंड बाईला उडवलं होतं. बाई बेशुद्ध, वर्ध्याच्या दवाखान्यात. गाडी एका कापूस दलालाची. त्याचा जबाब असा :

"दोघं भांडून राह्यले होते. नवऱ्यानं तिले गाडीपुढं ढकललं. माह्या दिव्याच्या उजेडात मले सफा दिसलं. मीटरवर वीसचा काटा होता, तोही पाह्यला म्या."

नवरा कोठडीत होता. बाई मेली असती तर त्याच्यावर खुनाचा गुन्हा लागला असता. मी गजांपाशी बसून विचारलं, "खरं सांग, ढकललं काय?"

"नाई बाई. आवाज आला. गाडी दिसलीच नाई."

ठाणेदार हसले. "एवढा दिवा लागते गाडीचा अन् म्हणे दिसली नाई!"

पंचनामा आटोपला. दिवा चालू, असं लिहिलं गेलं. पंच गेल्यावर पहाऱ्यावरचा शिपाई हळूच म्हणाला, "बाई, सकाळी मिस्त्री येऊन गेला. जमादारानं बोलावलं होतं."

मी जमादाराला गाठलं. तो लपवालपवी करेना, उलट खुशीत होता. "उद्या मोठे साहेब तपासणीले येऊन राह्यले. फुटकी गाडी अंगणात बरी दिसते काय? धुतली, काच बसवली, बल्ब बदलवले. दिव्याचा अन् मीटरचाही."

आमच्याकडे हीच रीत होती. तपासणी आली की भिंतींना चुना, बादल्यांना रंग, जप्त वस्तूंना पॉलिश. त्यानं पुरावाच धुऊन काढला आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मिस्त्रीच्या दुकानात गेले. जुन्या बल्बच्या पितळी टोप्या तो फेकत नसे, डब्यात ठेवी. म्हणून ते दोन्ही बल्ब मिळाले. मोठ्याची काच फुटलेली, आतल्या दोन्ही तारा शाबूत, चकचकीत.

"बाई, हा विझलेला असतानाच फुटला," मिस्त्री म्हणाला.

"कशावरून?"

त्यानं दुसरा जुना बल्ब बॅटरीला जोडला, पेटवला, फडक्यात धरून पक्कडीनं काच फोडली. भप्पकन पांढरा धूर निघाला. तार जळून तुटली, तिच्यावर राखेसारखी पूड. "आता हे पाहा, अन् ते पाहा."

"आणि मीटरचा?"

"तो आतून काळा पडला. महिन्यांपासून बंद असन."

मी मिस्त्रीला डब्यासकट ठाण्यात आणलं. ठाणेदारांनी सगळं पुन्हा करायला लावलं, पुन्हा धूर निघाला. मग पंचांना परत बोलावलं आणि दलालाला समोर बसवलं.

"मीटरचा बल्ब बंद. अंधारात काटा कसा दिसला रे तुले?"

"अंदाजानं सांगितलं, साहेब," दलाल म्हणाला.

"अन् मोठा दिवा?"

"साहेब, बॅटरी उतरते. सिंदी जवळ आली की दिवा लावतो मी. थोडं थोडं दिसत होतं."

"बाई दिसली?"

"नाई."

"मग ढकलताना काय दिसलं?"

"काईच नाई. धडक बसल्यावर समजलं."

मला वाटत होतं की खोटारडा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो. दलाल नीटनेटका बोलला म्हणून ठाण्यानं त्याचं ऐकलं. गोंड नवरा तुटक बोलला म्हणून तो खोटा ठरला. मीही त्याला खरं सांग म्हणाले होते, दलालाला म्हणाले नव्हते. आणि दुसरं शिकले ते हे, की गुन्ह्यातली वस्तू जशी सापडली तशीच राहू द्यायची, मग साहेब येवोत की साहेबांचे साहेब.

कोठडी उघडली तेव्हा नवऱ्यानं वर्ध्याचा रस्ता कोणता, एवढंच विचारलं. मीच त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

बाईचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ती जगली.