कढवलेले ताक आणि डॉक्टरांनी घेतलेला दोष

माणसाच्या आतड्यांत जे असंख्य सूक्ष्म जीव नांदतात, ते त्याचे कोण लागतात? मी बी.एस्सी. होऊन कर्जतला परतले, त्याच आठवड्यात डॉक्टर काशीनाथपंतांनी मला हा प्रश्न विचारला. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिलीच, त्यामुळे उत्तर जिभेवर तयार होते. समोर सूक्ष्मदर्शकाखाली ताकाचा थेंब होता. मी म्हटले, "जंतू आहेत."

"ते मलाही दिसतात, इंदूताई. मी नाते विचारतोय."

ते नाते मी अजून शोधते आहे. त्या दिवसापासून मी त्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते, म्हणूनच त्यांच्या साठाव्या वर्षाच्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला आहे.

आपल्या तालुक्यात पोट बिघडले की पहिला उपाय एरंडेलाचा. कोठा धुऊन निघाला म्हणजे रोग गेला, अशी पक्की समजूत. डॉक्टर शेतकऱ्यांना विचारीत, "लावणी दाट असली तर तणाला जागा उरते का? मग तुम्ही तणाबरोबर रोपंही का उपटता?" ताकातले जंतू आतड्यांत आंबटपणा राखतात आणि त्यात सडवणाऱ्या जंतूंना जोर धरता येत नाही, असे त्यांचे मत आहे. ते मत म्हणूनच सांगतात, सिद्धान्ताचा आव आणीत नाहीत. आधी मल तपासतात, जरूर ते औषध देतात. मग हगवणीने खंगलेल्या मुलांना मऊ पेज आणि ताजे ताक. त्यासाठी विरजण दवाखान्यातून मिळते, सर्व जातींना एकाच गाडग्यातून. एकदा एक म्हातारबुवा म्हणाले, "ताकच प्यायचं तं डागतर कशाला हवा?" डॉक्टर म्हणाले, "तुमची एरंडेलाची बाटली लपवायला!"

एका वैशाखात दवाखान्यातले विरजण नासले. खालापूरच्या बाजूला ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. तिथल्या सोमीबाईंचा मुलगा आदल्या वर्षी याच विरजणाच्या ताकावर सावरला होता आणि त्यांनी ते रोज लावून जिवंत ठेवले होते. डॉक्टर स्वतः जाऊन ते मागून घेऊन आले.

त्याच सुमारास माझ्या भावाची मुलगी मणी आजारी पडली. हगवण औषधाने थांबली, पण पोट ठिकाणावर येईना, अन्न अंगी लागेना. डॉक्टरांनी ताक सुरू केले, तरी पोर वाळतच गेली. गावात बोलणे सुरू झाले, "ठाकरांच्या विरजणानं कोंडाणकरांची पोर नासवली." कोंडाणकर म्हणजे आम्ही. वाडीवरून येणारा दुधाचा रतीब लोकांनी बंद केला.

डॉक्टर रोज आमच्या ओटीवर येऊन माझ्या वडिलांना विचारीत, "आप्पा, ताक रोज देता ना?"

"रोज," आप्पा सांगत. ते खरेच होते.

गावात मात्र डॉक्टर म्हणाले, "विरजण मी आणले. चूक असेल तर माझी. वाडीला बोल लावू नका." नव्या रोग्यांना ताक देणे त्यांनी थांबवले. इतक्या वर्षांच्या कामावरचा त्यांचा स्वतःचाच विश्वास उडू लागलेला मी पाहत होते.

एका दुपारी मी लवकर घरी आले. आई चुलीपाशी होती.

"कढी करतेस?"

"कढी कसली! मणीचं ताक आहे."

"मग कढवतेस कशाला?"

"अगं इंदे, दूध घेऊ एक वेळ त्यांचं. पण विरजण म्हणजे त्यांच्या घरचं उरलेलं. अग्नीवरून काढलं की दोष नाही."

"रोज कढवतेस?"

"पहिल्या दिवसापासून. तुझ्या आप्पांनीच सांगितलं."

ज्या जंतूंसाठी ते ताक द्यायचे, ते रोज आमच्या चुलीवर मरत होते. मान खाली घालून मी डॉक्टरांना हे सांगितले. ते तडक उठले. "म्हणजे मणीला ताक अजून मिळालंच नाही! चला, देऊ या." आईला त्यांनी एवढेच विनवले, "आता चूल नको." आई चुलीपासून बाजूला सरली. मणीच्या आईने, माझ्या वहिनीने, पुढे होऊन वाटी हातात घेतली. मणी हळूहळू सावरली. आज ती अंगण डोक्यावर घेते.

खरे काय ते गावाला सांगते, असे मी म्हटले तेव्हा डॉक्टरांनी मला अडवले. "रोग्याच्या घरची गोष्ट दवाखान्याबाहेर जात नाही." त्यांच्या या सचोटीचा आमच्या घराने आडोसा केला. मणी बरी झाली ती नवसाने, असे आप्पा सांगत राहिले. डॉक्टरांवरचा आणि वाडीवरचा ठपका तसाच राहिला. कर्जतच्या काही आळ्यांत वाडीचे दूध अजून चालत नाही. त्या आळ्यांतून जाताना मला मान वर करवत नाही.

गेल्या महिन्यात वहिनी, मणी आणि मी वाडीवर जाऊन सोमीबाईंना सगळे सांगितले. मणीला न्याहाळून त्या म्हणाल्या, "आमच्या इरजनात खोट नव्हती ते आमाला म्हाईत हाय गं बाय. आमाला काय सांगतंस? तुज्या आळीत सांग."

डॉक्टर काशीनाथपंतांना निरामय दीर्घायुष्य लाभो आणि उरलेली सारी वर्षे त्यांच्या माथी दुसऱ्या कुणाचा दोष न येवो, हीच माझी प्रार्थना. हा लेख मी आई-आप्पांना वाचून दाखवला. आप्पा म्हणाले, "निदान घराचं नाव तरी गाळ." डॉक्टरही तेच म्हणाले असते, म्हणून त्यांना विचारले नाही. मणीची आई म्हणून वहिनीची संमती घेतली आणि नाव तसेच ठेवून हा लेख गौरवग्रंथाच्या समितीकडे देत आहे.