खपली म्हणजे खपली!

ये गं सुमे, अशी जवळ सरक. डॉक्टरांनी गहू बंद केला म्हणून मावशीच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हे कुणी शिकवलं तुला? चहात कुठं गहू असतो? (आता मी कशाचीच खात्री देत नाही म्हणा!) मी माझ्या जावयाला गव्हानं आडवं पाडलेलं आहे, आणि तेही घरातला गहू हद्दपार करून.

लग्नानंतर वैशाली पहिल्यांदाच जावईबापूंना घेऊन येणार होती. आदल्या दिवशी तिचा फोन.

"आई, प्रसादला गहू अजिबात चालत नाही. गव्हात ते ग्लुटेन असतं, कणभर गेलं तरी पोट धरून लोळतो. त्याची आई आधीच भीत भीत पाठवतेय. काही झालं तर पुन्हा सोलापूरला सोडायची नाही, सांगून ठेवते!"

"अगं, गव्हावाचून आमचं काय अडतंय? ज्वारी खाणारी माणसं आमी!"

फोन ठेवला आणि गव्हाचं पोतं, कणकेचा डबा शेजारच्या महादेवीकडं नेऊन टाकला. पोळपाट-लाटणं माळ्यावर!

हे म्हणाले, "जावई येतोय का धाड पडतीय?"

दुसऱ्या दिवशी वैशाली आल्या आल्या मैत्रिणीकडं पळाली. मी जावईबापूंना पानावर बसवलं. गरम भाकरी, शेंगाची चटणी, हिंगाच्या खमंग फोडणीची आमटी. आणि गोडाला हुग्गी! माझं माहेर अक्कलकोटकडचं. पाहुणा आला की गूळखोबरं घातलेली ही घट्ट खीर झालीच पाहिजे.

"आई, ही खीर कशाची?"

"खपलीची."

"खपली म्हणजे?"

"खपली म्हणजे खपली हो! लई पौष्टिक!"

त्यांनी आणखी एक वाटी घेतली. (संस्कारी माणूस!) तेवढ्यात वैशाली दारात.

"आई! खपली म्हणजे गहूच की गं!"

"गहू कसा? उभ्या जन्मात दुकानात 'खपली द्या' म्हटलंय मी, 'गहू द्या' न्हाय!"

कोपऱ्यातून हे म्हणाले, "व्हय की. पोत्यावर 'खपली गहू' लिवलेलं असतंय."

"मग आधी का बोलला न्हाईत?"

"तोंडात हुग्गी होती."

मग वैशाली पोलिसासारखी स्वयंपाकघरात घुसली. हिंगाची डबी उलटी करून वाचली, तर त्यात गव्हाचं पीठ! आता मला सांग, हिंगात गहू घालणाऱ्याला काय म्हणावं?

"भाकरीचं पीठ?"

"ते ज्वारीचंच! गिरणीत स्वतः उभी राहून दळून आणलंय."

"कशावर दळलं?"

बाजरीवर ज्वारी दळली की पीठ काळं पडतं, म्हणून 'गव्हावर घाल रे बाबा' असं गिरणीवाल्याला मीच बजावलं होतं! थोडक्यात, ताटात निर्दोष अशी एक शेंगाची चटणी तेवढी निघाली.

संध्याकाळी जावईबापू पोट धरून खाटेवर. मी उशाशी रडवेली.

"असू द्या आई," ते कण्हत म्हणाले, "हुग्गी छान होती."

त्यावर मला जास्तच रडू आलं. मग त्यांना नुसती भाताची पेज आणि मीठ. फोडणी नाही, दळण नाही, माझं डोकं तर मुळीच नाही! तेवढ्यात त्यांच्या आईचा फोन. तर जावईबापू म्हणतात कसे, "प्रवासानं जरा पोट बिघडलंय गं. पुढच्या खेपेला जास्त दिवस राहायला येणार आहे इथं."

असला जावई! निघायच्या दिवशी मला भरून आलं. वैशालीला पाटावर बसवून थाटात ओटी भरायला घेतली. खण, नारळ, आणि महादेवीकडून मुद्दाम परत आणलेले ओंजळभर गहू!

जावईबापू दोन पावलं मागं सरले. "आई, ही पण खपली का?"

तर सुमे, असं उभ्याउभ्या येणं बास झालं. लवकर राहायला ये. ज्वारी आता मी घरीच मिक्सरमध्ये दळते आणि हिंगाला हात लावत नाही. फक्त येताना तुझा डबा घेऊन ये. आणि दोघींपुरता आण बाई, मलाच आता माझ्या स्वयंपाकाची भीती वाटते!