धुऱ्यावरचा साग

उधई म्हणजे काही वाघ नाही. पांढरट, आंधळा, तांदळाच्या दाण्याएवढा किडा. पुस्तकातले लोक तिला वाळवी म्हणतात. उजेड सोसत नाही म्हणून मातीची नळी बांधते आणि तिच्या आतून चोरासारखी भिंत चढते. असल्या भित्र्या किड्याची मला किळसच आहे. पण त्याहून जास्त किळस मला माझ्या भासऱ्याची, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची. कोणाला वाईट वाटत असेल तर वाटो.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या वर्षांत आम्ही वरठीला घर बांधलं. नवरा तिथेच लोखंडाच्या कारखान्यात कामाला. सासऱ्यांचं वावर, म्हणजे शेत, सानगडीला, दोघा भावांच्या वाट्याचं. पण कसायचे भासरे आणि धान ठेवून घ्यायचेही भासरे. आमच्या वाट्याचं एक पोतं कधी वरठीला आलं नाही. धानवाल्यांच्या घरची मी सून आणि तांदूळ दुकानातून आणायची. नवऱ्याला विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर.

"दादानं आपल्या घराले सागवान देल्लं. धुऱ्यावरचा बाबाच्या हातचा साग कापला आपल्यासाठी. आता कोन्या तोंडानं धान मागू?"

सागवान म्हणजे काय, तर शेताच्या बांधावरच्या त्या झाडातून निघालेल्या दारांच्या चार चौकटी. तेवढ्या लाकडाच्या जिवावर तो माणूस वर्षानुवर्षं आमचा भात खात होता आणि माझा नवरा त्यालाच उपकार म्हणत होता.

घर बांधलं त्या जागेवर आधी उधईचं वारूळ होतं. मिस्त्रीनं ते वरून फोडून सारखं केलं आणि सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडेही भरावात ढकलून दिले. म्हणजे खाली गाव आणि वर जेवणाचं ताट. मी म्हटलं, फरशी टाकायच्या आधी जमिनीत औषध टाकून घ्या. भासऱ्यासमोर सुनेनं बोलायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून हे मी नवऱ्याला दाराआडून सांगितलं. भासरे बाहेर खाटेवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसले होते. खो खो हसले.

"तुही बायको उधईले भेते का रे? सिमेंटचं घर, सागाच्या चौकटी. उधई का आपले दात पाडून घेईन?"

नवराही हसला. मिस्त्रीही हसला. फरशी बसली.

काही वर्षांनी न्हाणीच्या भिंतीला ओल आली आणि कपाटामागून मातीची एक रेघ वर चढलेली दिसली. मी ती मोडली. सकाळी पुन्हा होती. शेजारीण म्हणाली हळद टाका, कोणी म्हणालं रॉकेल टाका. नवऱ्यानं झाडूनं रेघ पुसली, चौकटीला चकचकीत ऑइलपेंट मारला आणि हात झटकले. नळी पुसली की उधई मेली, असं समजणारे शहाणे मी ढिगानं पाहिले आहेत. अरे बाबा, नळी हा तिचा रस्ता आहे. ती राहते खाली जमिनीत, ओलाव्यात. एक रस्ता मोडला तर ती दुसरा बांधते. लाकूड आतून खाते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते, म्हणून घरवाल्याला पत्ताच लागत नाही. मी बोटानं चौकट वाजवून दाखवली. वाळल्या भोपळ्यासारखी वाजली.

"सागाले उधई लागत नाही. दादा सांगते," नवरा म्हणाला. दादा सांगते! पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

मग एका दिवाळीनंतर भासरे आपल्या नव्या व्याह्याला घेऊन आले. आपण भावासाठी काय काय केलं, ते दाखवायला. दारातच थांबले, छाती पुढे काढली.

"पाहा व्याही, घरभर सागवान देल्लं म्या माह्या भावाले!" म्हणत त्यांनी चौकटीवर जोरात थाप मारली.

हात मनगटापर्यंत आत गेला.

आत लाकूड नव्हतंच. माती होती, आणि बोटांवरून वळवळत चढणारे ते पांढरे किडे. भासऱ्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. नवरा खाली बसला. पापुद्रा सोलत गेला आणि शेवटी त्याच्या हातात बोटभर जाडीची तपकिरी काडी उरली. सागाचा पिकला गाभा उधई सहसा खात नाही, कोवळं पांढरं लाकूड खाते. इथे पिकलेलं होतं ते एवढंच.

धुऱ्यावरचा साग एका माणसाच्या कवेत मावत नव्हता. लहानपणी नवरा त्याच्यावर चढला होता.

"दादा, हे तं कोवळं झाड हाय," तो म्हणाला. "धुऱ्यावरचा साग कुठी गेला?"

व्याही बिचारा भोळा माणूस. त्याला वाटलं आपल्यालाच विचारलं. "तुमच्या सानगडीच्या घरी तं हाय ना जी," तो म्हणाला. "केवढं मोठं दार! लग्नात तुम्हीच तं सांगितलं, धुऱ्यावरच्या सागाचं हाय म्हणून."

भासरे हातावरची माती झटकत राहिले. तेव्हा मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा भासऱ्यांशी समोरासमोर बोलले. "दादा, हात धुवून घ्या. बाहेर पानी ठेवलं हाय."

त्याच हंगामात नवरा रिकामी पोती घेऊन सानगडीच्या खळ्यावर गेला. मीही सोबत होते. भासरे लगेच रडवेले झाले. "चार लाकडासाठी भावाचं मन मोडून राहिला का बाप्पा?"

"लाकूड राहू दे, दादा," नवरा म्हणाला. "माह्या वाट्याचं धान भर."

मग आम्ही फरशीला छिद्रं पाडून औषध भरून घेतलं, न्हाणीची ओल बंद केली, तीन चौकटी बदलल्या. चौथी, भासऱ्यांनी थाप मारलेली, मी बदलू दिली नाही. नवरा म्हणतो, बरं नाही दिसत. न दिसो. भासरे अजूनही सणावाराला येतात, त्याच दारातून, हात अंगाशी धरून. मी त्यांना पाटावर बसवते, भात वाढते आणि दर वेळी सांगते, "पोटभर जेवा, दादा. आमच्या वावरातला हाय."